विकत घेतलेला चित्रपट कोणाचा?

एखादी वस्तू आपण विकत घेतली, तिचे पैसे चुकते केले, तर ती आपली झाली की नाही? प्रश्न खुळा वाटेल. बाजारातून कांदे आणले की ते आपले होतात. त्यांची भाजी करावी, शेजारणीला द्यावेत की टोपलीत कुजू द्यावेत, हे सांगायला दुकानदार मागाहून घरी येत नाही. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या घरांत एक अशी खरेदी शिरली आहे की जिच्याविषयी हा खुळा प्रश्न विचारणे भाग पडते. घरच्या टीव्हीवर चित्रपट विकत घेणे, ही ती खरेदी.

बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणच्या आपल्या मराठी मंडळ्यांत वडीलधारी माणसे एका गावी आणि मुले दुसऱ्या गावी किंवा परदेशी, अशी घरे पुष्कळ आहेत. मुलगा सुटीत येतो, भिंतीवर मोठा टीव्ही लावून देतो, त्यात आपल्या नावाचे खाते उघडतो आणि आईबाबांसाठी चारदोन चित्रपट ‘घेऊन ठेवतो’. पडद्यावर दोन चौकोन दिसतात. एकावर भाड्याने घ्या असे असते, दुसऱ्यावर विकत घ्या असे. भाड्याचा करार सरळ असतो. उदाहरणार्थ, यूट्यूबवर भाड्याने घेतलेला चित्रपट साधारणपणे ३० दिवसांच्या आत पाहण्यास घ्यावा आणि एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवावा. विकतचा भाव त्याहून अधिक. मुलगा अधिक पैसे भरतो, कारण त्याला वाटते की आता हा चित्रपट आईबाबांचा झाला. ते वाटेल तेव्हा, वाटेल तितक्या वेळा, मरेपर्यंत पाहतील.

त्याला असे वाटते ते चूक की बरोबर? आणि चूक असेल तर दोष कोणाचा, वाटून घेणाऱ्याचा की वाटू देणाऱ्याचा? या प्रश्नात पैसा थोडा आहे. पण ज्या शब्दांवर माणसांचा देवघेवीचा सारा व्यवहार उभा आहे, त्या शब्दांचा खरेपणा त्यात गुंतला आहे. म्हणून त्याचा शांतपणे विचार करावा असे आम्हांला वाटते.

जुन्या खरेदीत काय हाती येत असे

ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना १९८२ साल आठवेल. दिल्लीला एशियाई खेळ झाले, त्याच वर्षी आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झाले, आणि पाठोपाठ व्हिडिओ कॅसेटची यंत्रे गावोगाव पोहोचली. गल्लीतल्या लोकांनी वर्गणी काढून एका रात्रीसाठी टीव्ही व यंत्र भाड्याने आणावे आणि तीन-तीन चित्रपट पाहून पहाट करावी, असे ते दिवस होते. पुढे सीडी आली, डीव्हीडी आली. ज्याला परवडे तो कॅसेट किंवा तबकडी विकत घेई.

त्या खरेदीत काय मिळत होते? चित्रपटाची कथा, गाणी, त्याच्या प्रती काढण्याचा हक्क हे सारे निर्मात्याकडेच राहत असे. कॅसेट घेणाऱ्याला तसा हक्क कधीच मिळाला नाही. पण ती एक फीत, ती एक तबकडी मात्र त्याची होत असे. आपल्या देशातील १९३० चा माल विक्री कायदा विक्रीचा हाच अर्थ सांगतो: किंमत घ्यावी आणि मालाची मालकी घेणाऱ्याला द्यावी. म्हणून ती तबकडी बहिणीला पाहायला देता येई, कंटाळा आल्यावर जुन्या बाजारात विकता येई, आणि आजोबा गेल्यावर त्यांच्या पुस्तकांबरोबर ती नातवाकडे जाई. दुकान बंद पडले, कंपनी बुडाली, तरी कपाटातली तबकडी कपाटातच राही.

नव्या खरेदीत हाती वस्तू येत नाही. चित्रपटाची प्रत दूर कोठेतरी कंपनीच्या यंत्रांवर असते. आपण पाहू लागलो की ती कुलूप लावलेल्या तुकड्यांनी तारेवरून आपल्या टीव्हीकडे येते, आणि ते कुलूप उघडणारी किल्ली टीव्ही कंपनीच्या यंत्राकडून मागून घेतो. कंपनी आपले खाते तपासते, किल्ली देते, आणि चित्रपट सुरू होतो. काही ठिकाणी चित्रपट उतरवून ठेवण्याची सोय असते. पण ती प्रतही बहुधा त्याच कुलपात असते आणि त्याच दुकानाच्या ॲपमध्ये चालते. म्हणजे आपण पैसे दिले ते वस्तूचे नव्हेत. किल्ली मागितली की देऊ, या आश्वासनाचे आपण पैसे दिले. करारपत्रात, जे फारच थोडे लोक वाचतात, तेथे हे बहुधा स्पष्ट लिहिलेले असते की ग्राहकाला केवळ पाहण्याचा परवाना मिळतो, तो परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि मूळ हक्कदाराशी असलेला कंपनीचा करार संपला तर चित्रपट नाहीसा होऊ शकतो.

आश्वासनाचे काय झाले

हे नुसते कागदावरचे भय नाही. २००९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेत पुस्तकांच्या बाबतीत असे घडले. जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही विकलेल्या प्रती ॲमेझॉन कंपनीने ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच पुसून टाकल्या. ज्याने ती पुस्तके त्या दुकानात विक्रीस ठेवली होती त्याला ती विकण्याचा हक्कच नव्हता, हे कारण खरे होते. पैसेही परत केले गेले. तरी लोकांना धक्का बसला, कारण छापील पुस्तकाच्या बाबतीत रात्री घरात शिरून फडताळातून पुस्तक नेणाऱ्याला आपण काय म्हणतो हे सर्वांना ठाऊक आहे. कंपनीच्या प्रमुखांनी पुढे जाहीर क्षमा मागितली.

चित्रपटांचीही उदाहरणे आहेत. २०११ साली अनेक मोठ्या चित्रपट कंपन्यांच्या पाठिंब्याने ‘अल्ट्राव्हायोलेट’ नावाची एक व्यवस्था निघाली. चित्रपट एकदा घ्यावा आणि तो या सामाईक कोठारात आपल्या नावावर कायम राहावा, अशी तिची कल्पना होती. ३१ जुलै २०१९ रोजी ते कोठारच बंद झाले. ज्यांनी आपली खाती वेळीच दुसऱ्या दुकानांशी जोडली होती त्यांचे बहुतेक चित्रपट वाचले. २०२२ साली जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन दुकानातून घेतलेले स्टुडिओकॅनल या संस्थेचे शेकडो चित्रपट ३१ ऑगस्टपासून ग्राहकांच्या संग्रहातून जातील, असे कळवण्यात आले. २०२३ च्या डिसेंबरात त्याच दुकानाने डिस्कव्हरीच्या विकलेल्या मालिका वर्षअखेर काढून टाकण्याची सूचना दिली. पुष्कळ ओरड झाली, करार पुन्हा झाला, आणि त्या मालिका निदान आणखी ३० महिने राहतील असे सांगण्यात आले. ‘विकत घेतलेली’ वस्तू आणखी ३० महिने राहील, हे वाक्य दोनदा वाचून पाहावे.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळीच दुकाने अशी वागली नाहीत. गूगलने आपले प्ले मूव्हीज हे दुकान २०२४ च्या जानेवारीपर्यंत गुंडाळले. पण लोकांनी तेथे घेतलेले चित्रपट यूट्यूब आणि गूगल टीव्ही यांच्याकडे वळवून दिले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा विकलेली पुस्तके गेली, पण पैसे परत मिळाले. आश्वासन पाळणारेही आहेत. मात्र पाळणे किंवा न पाळणे हे सर्वस्वी त्यांच्या हाती आहे, आणि घेणाऱ्याच्या हाती काही नाही, हा मुद्दा तसाच राहतो.

मकपेलाचे शेत आणि योबेलचे वर्ष

आपल्या वाचकांना खरेदीची एक जुनी गोष्ट चांगली माहीत आहे. सारा वारली तेव्हा अब्राहाम त्या देशात परका होता; पाऊल टेकण्याइतकीही जमीन त्याची नव्हती. एफ्रोन हित्ती त्याला गुहा फुकट देऊ करीत होता. अब्राहामाने ती तशी घेतली नाही. गावच्या वेशीत, सर्वांच्या देखत, व्यापाऱ्यांत चालणाऱ्या चारशे शेकेल चांदीचे वजन करून त्याने किंमत मोजली. मग त्या अध्यायात जे येते ते एखाद्या खरेदीखतासारखे आहे: शेत, त्यातील गुहा, आणि शेताच्या चारी बाजूंच्या हद्दीतील झाडेसुद्धा. झाडांचाही उल्लेख का? पुढे कोणी येऊन, शेत दिले होते, झाडे दिली नव्हती, असे म्हणू नये म्हणून. पुढे दोन पिढ्यांनंतर याकोब मिसर देशात मरणशय्येवर असता मुलांना त्याच गुहेत आपल्याला पुरावयास सांगतो, आणि ती आपल्या आजोबांनी कोणाकडून विकत घेतली हेही आठवणीने सांगतो. विकणारा गेला, घेणारा गेला, दुष्काळ पडला, घराणे परदेशी गेले, तरी खरेदी उभी होती. विकत घेणे म्हणजे काय हे समजावून सांगायला शब्बाथ शाळेच्या शिक्षकाला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

एवढ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की कायमची मालकी देईल तीच विक्री खरी, आणि बाकी सारी फसवणूक. पण पवित्र शास्त्र आपल्याला इतक्या लवकर निकाल देऊ देत नाही. लेवीय पुस्तकाचा पंचविसावा अध्याय उघडावा. तेथे जमिनीची कायमची विक्री मनाच केली आहे. दर पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षी, शेत मूळ घराण्याकडे परत जायचे. म्हणजे तेथे शेत ‘विकत’ घेणारा खरे पाहता काही वर्षांचा परवानाच घेत होता. त्याला देवाच्या नियमशास्त्राने लबाडी म्हटले नाही. मग लबाडी कशाला म्हटले? त्याच अध्यायात सांगितले आहे की योबेल वर्षाला जितकी वर्षे उरली असतील त्या हिशेबाने किंमत ठरवावी. वर्षे अधिक तर किंमत अधिक, वर्षे थोडी तर किंमत थोडी. कारण जे विकले जात आहे ते शेत नसून पिके आहेत. असा हिशेब सोडून एकमेकांना नाडू नये, अशी तेथे ताकीद आहे. आणि त्याच अध्यायात तटबंदीच्या शहरातील घराचा नियम वेगळा आहे: ते एका वर्षात सोडवून घेतले नाही तर घेणाऱ्याचे कायमचे होते. दोन प्रकारची विक्री, दोन्ही न्याय्य. कोणती कोणत्या प्रकारची, हे मात्र दोघांनाही आधी ठाऊक.

आमच्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. परवाना विकणे हे पाप नव्हे. परवान्याला परवाना न म्हणता तो विकणे, यात दोष आहे. ज्याला सात पिके मिळणार त्याने सात पिकांचे पैसे द्यावेत, आणि सातच मिळणार हे त्याला व्यवहारापूर्वी कळावे. टीव्हीवरच्या दुकानात भाड्याच्या चौकोनावर दिवस आणि तास मोजून लिहिलेले असतात. विकतच्या चौकोनावर पिकांची संख्या लिहिलेली नसते. तेथे कायमपणा भासवणारा एक शब्द असतो, आणि त्या शब्दाबद्दल अधिक पैसे घेतले जातात.

शब्द हेही एक माप आहे

आपल्या पूर्वजांच्या बाजारात शेर, पायली, मापटे होते. आज किलो आणि लिटर आहेत. दुकानदाराच्या वजनांवर सरकारी शिक्का असावा लागतो, आणि तळाशी भोक पाडून हलके केलेले वजन सापडले तर त्याला शिक्षा होते. गिऱ्हाईकाने वाकून वजनाचा तळ पाहायला हवा होता, असा बचाव कोणतेही न्यायालय ऐकत नाही. खोट्या तराजूविषयी नीतिसूत्रांत जे सांगितले आहे ते लोखंडाच्या वजनांपुरतेच असेल असे आम्हांला वाटत नाही. ‘विकत’ हा शब्दही एक माप आहे. हजारो वर्षे माणसांनी तो वापरून त्यात ठरावीक अर्थ भरला आहे. तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहावा आणि त्याचा अर्थ चाळीस पानी करारात, बारीक अक्षरांत, हळूच कमी करावा, हे तळाशी भोक पाडलेले वजन होय.

यावर दुकानाच्या बाजूने जे म्हणता येईल ते आम्ही टाळू इच्छीत नाही. एक, अटी लपवलेल्या नाहीत. ज्याला वाचायच्या त्याने वाचाव्यात. दोन, तबकडीही चरे पडून, बुरशी येऊन खराब होतेच. कायमचे असे जगात काय आहे? तीन, दुकानातून काढलेला चित्रपट पुष्कळदा मूळ हक्कदारामुळे जातो, दुकानाचा त्यावर इलाज नसतो. चार, या सोयीमुळे लहान गावातल्या माणसालाही जगभरचे चांगले चित्रपट घरबसल्या पाहता येतात. शेवटचे म्हणणे अगदी खरे आहे आणि त्याबद्दल कृतज्ञ असावे. तिसरेही बरेच खरे आहे. तबकडीविषयी मात्र असे की तिला बुरशी लागते ती आपल्या कपाटात, आपल्या हयगयीने किंवा काळाने. विकणारा येऊन बुरशी लावीत नाही. आणि अटींविषयी असे की, जो शब्द ठळक छापता येतो त्याच्या शेजारी त्याचा खरा अर्थही ठळक छापता येतो. छापला जात नाही याचे कारण जागेची टंचाई हे नसावे.

असे छापता येते हे आता सिद्धही झाले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली या विषयावर कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. घेणाऱ्याला केवळ परवाना मिळतो आणि तो पुढे जाऊ शकतो, हे त्याला स्पष्ट सांगितल्याखेरीज डिजिटल मालाच्या बाबतीत ‘विकत घ्या’ असे शब्द वापरू नयेत, असा त्याचा आशय आहे. जी वस्तू एकदा उतरवून घेतल्यावर विकणाऱ्याच्या मदतीशिवाय कायम वापरता येते तिला हे बंधन नाही. हा कायदा परवाने विकण्यास बंदी करीत नाही. वस्तूला तिच्या नावाने हाक मारा, एवढेच तो म्हणतो. लेवीय पुस्तकाच्या त्या अध्यायाशी त्याचे मूळ सूत्र जुळते, हे पाहून आम्हांला समाधान वाटले.

आता आपली बाजू

येथवर वाचून दुकानांवर रागावणे सोपे आहे. पण आश्वासन दोन्ही बाजूंनी दिलेले असते. ‘मान्य आहे’ या चौकोनावर आपण बोट ठेवतो तेव्हा आपणही शब्द देतो. डोंगरावरील प्रवचनात आपल्या होय आणि नाही या शब्दांविषयी जो धडा आहे तो शपथेपुरता नाही. मान्यतेच्या चौकोनालाही तो लागू आहे. तेव्हा आपण कशास होय म्हटले हे पाहावे.

बहुतेक दुकानांत आपण असे मान्य केलेले असते की चित्रपट घरगुती वापरासाठी आहे. आता शब्बाथ शाळेचा शिक्षक म्हणतो, “व्हीबीएसच्या मुलांसाठी मी माझ्या पैशाने योसेफाचा चित्रपट विकत घेतला आहे. तो सभागृहात शंभर मुलांना दाखवला तर काय बिघडले? तिकीट तर लावले नाही.” हेतू चांगला आहे यात शंका नाही. परंतु आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने चित्रपट लोकांपुढे दाखवण्याचा हक्क मालकाकडे ठेवला आहे. शिक्षणसंस्थांना काही सवलत आहे. पण तिच्या आधारावर सभागृहात गावाला बोलावून चित्रपट दाखवता येतो असे समजू नये. आणि कायदा बाजूला ठेवला तरी दिलेला शब्द उरतो. पडद्यावर योसेफ परक्याच्या घरी विश्वासाने वागत आहे, आणि तो पडदा मात्र शब्द मोडून लावला आहे, असे होऊ नये. मुलांना हे आज कळणार नाही, पण मोठी झाल्यावर कळेल.

यापेक्षा कठीण प्रश्न आमच्यापुढे एका तरुण मंडळात मांडला गेला. समजा, एका बहिणीने पैसे देऊन चित्रपट विकत घेतला, आणि दोन वर्षांनी दुकानाने तो काढून टाकला. पैसेही परत दिले नाहीत. आता तिने तोच चित्रपट कोठून तरी चोरून उतरवला तर तिला चोर म्हणावे काय? “किंमत तर तिने दिली होती,” असे तरुणांचे म्हणणे. या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. ज्याने कधीच काही दिले नाही तो आणि जिने किंमत मोजूनही वस्तू गमावली ती, या दोघांना एकाच तागडीत टाकणे अन्यायाचे होईल. तिची तक्रार खरी आहे. तरी चोरलेल्या प्रतीचा मार्ग आम्ही सुचवणार नाही, आणि त्याचे कारण कंपनीविषयीचे प्रेम नव्हे. ती प्रत ज्याच्याकडून येते त्याने ती सगळ्यांचीच चोरली आहे. चित्रपटासाठी राबलेल्या कारागिरांचीही. आपल्यावरील अन्याय दूर करण्यासाठी आपण तिसऱ्याच्या अन्यायाला गिऱ्हाईक मिळवून देतो. शिवाय असा उपाय लपून करावा लागतो, आणि लपून केलेल्या उपायाने ज्याने फसवले त्याला कधी जाब द्यावा लागत नाही. तिने उघड भांडावे. दुकानाला लिहावे, पैसे मागावेत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. प्लेस्टेशनच्या मालिका राहिल्या त्यापूर्वी लोकांनी उघड ओरड केली होती, हे विसरू नये. आणि तिच्या वतीने लिहिण्यास मंडळीतल्या एखाद्या जाणत्या तरुणाने बसावे. तेही सेवेचेच काम आहे.

घरात आणि वर्गात काय करता येईल

सांगून मोकळे होणे बरे नव्हे, म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी लिहितो.

पहिली: विकतचा चौकोन दाबण्यापूर्वी स्वतःला विचारावे की हा चित्रपट आपण खरोखर किती वेळा पाहणार आहोत. एकदा पाहण्याचा असेल तर भाड्याने घेणे स्वस्तही आहे आणि प्रामाणिकही, कारण तेथे पिके मोजलेली असतात.

दुसरी: जे चित्रपट मुलानातवंडांपर्यंत जावेत असे वाटते ते मिळत असल्यास तबकडीवर घ्यावेत. घरची चित्रीकरणे, आईवडिलांचे आवाज, लग्नकार्ये, मंडळीच्या शताब्दीचे चित्रण हे तर कोणत्याही एका कंपनीच्या भरवशावर ठेवूच नये. दोन ठिकाणी प्रती असाव्यात. वेढा पडलेल्या यरुशलेमेत यिर्मयाने अनाथोथचे शेत सतरा शेकेलांना घेतले तेव्हा खरेदीखताच्या दोन प्रती केल्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी, आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्या म्हणून मातीच्या भांड्यात ठेवण्यास सांगितले. शहर पडणार हे त्याला ठाऊक होते, म्हणूनच त्याने कागद जपला.

तिसरी: खाते कोणाच्या नावावर आहे हे घरात सर्वांना ठाऊक असावे. ज्याच्या नावावर खाते तो गेला तर त्यातील संग्रह कायद्याने वारसांकडे जाईलच असे धरून चालू नये. पुष्कळ दुकानांच्या अटी त्याला परवानगी देत नाहीत. शेताचा सातबारा आपण जपून ठेवतो; खात्याला सातबारा नाही, एवढे ध्यानात असावे.

चौथी: वर्गासाठी किंवा सभेसाठी चित्रपट हवा असेल तर हक्कदाराची परवानगी मागावी. पुष्कळदा एका पत्राने ती मिळते. जे चित्रपट निर्मात्यांनीच लोकांसाठी खुले ठेवले आहेत ते आधी शोधावेत. लूककृत शुभवर्तमानावर १९७९ साली निघालेला ‘येशू’ हा चित्रपट मराठीतही आहे आणि निर्मात्यांनी तो लोकांना फुकट पाहण्यास खुला ठेवला आहे.

आणि शिक्षकांना एक विनंती. वरच्या वर्गातील मुलांना एखाद्या रविवारी मकपेलाचा अध्याय आणि योबेल वर्षाचा अध्याय एकामागून एक वाचावयास लावा. मग त्यांना विचारा की टीव्हीवरचा ‘विकत घ्या’ हा चौकोन या दोहोंपैकी कोणत्या खरेदीसारखा आहे, आणि त्यावर खरे म्हणजे काय लिहावयास हवे. मुले आपल्यापेक्षा चांगले शब्द सुचवतील. ती उद्या दुकाने चालवतील, करार लिहितील, असे चौकोनही तयार करतील. वजनाच्या तळाशी भोक नसावे हे त्यांना लहानपणीच कळलेले बरे.